आधी बारगीर व्हा: घोडेस्वारी शिकायला जाताना काय घालावं, काय विकत घ्यावं

घोडेस्वारीचा क्लास लावायचं ठरलं की लगेच खरेदीची यादी तयार होते, आणि डोळ्यांसमोर असतात स्पर्धेतले फोटो. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घ्यायच्या प्रकाराचं, सुवर्णपदक जिंकलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. पांढरी पँट, गुडघ्यापर्यंतचे चकचकीत बूट, मागे शेपूट सोडलेला गडद कोट, डोक्यावर हेल्मेट. तो स्पर्धेचा पोशाख. ठाण्याहून किंवा वाशीहून पहाटे उठून पहिल्यांदा घोड्यावर बसायला निघालेल्या माणसाला त्यातलं हेल्मेट तेवढं लागतं.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळायचं. शिकायला लागलेल्याने पहिले सहा महिने तरी बारगीर राहावं, असं माझं ठाम मत आहे. घोडा, खोगीर, लगाम, पाय ठेवायच्या रिकिबी सगळं क्लासचं. आपण न्यायचं ते डोकं आणि पाय सांभाळणारं सामान आणि घरातलेच नीट पारखून घेतलेले कपडे.

पारखायची कसोटी एकच. घोड्यावरून अचानक खाली यायची वेळ आली, तर ही वस्तू मला सुटू देईल की अडकवून ठेवेल? बूट असो, ओढणी असो, हातातलं कडं असो, प्रत्येकाला हाच प्रश्न विचारा. सुरुवातीला दुखापत होते ती बहुतेक वेळा पडण्याने, आणि पडताना काही अडकलं तर ती कितीतरी पटीने वाढते.

खरेदीआधी पागेत एक चक्कर

ठाणे-नवी मुंबईकरांना घोड्यापर्यंत पोहोचायला थोडा प्रवास करावाच लागतो. कोणी महालक्ष्मीला जातं, कोणी पनवेल-कर्जतच्या बाजूला. जिथे नाव घालणार आहात तिथे एकदा नुसतं बघायला जा, एक क्लास कडेला उभं राहून पाहा आणि चार गोष्टी विचारून घ्या. हेल्मेट क्लासचं मिळतं का, आणि आपल्या किंवा मुलाच्या मापाचं असतं का? लहान मुलांसाठी बाजूने सुटणाऱ्या सेफ्टी रिकिबी आहेत का? बॉडी प्रोटेक्टर, म्हणजे छाती-पाठ झाकणारं जाकीट, सक्तीचं आहे का? पावसाळ्यात क्लास चालू असतो की बंद?

हा शेवटचा प्रश्न कोकणपट्टीत फार महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो आणि बऱ्याच ठिकाणी क्लास थांबतात किंवा तुरळक होतात. मे महिन्यात हौसेने घेतलेले चामड्याचे बूट मग कपाटात बुरशी खात पडतात. शक्यतो दसऱ्याच्या आसपास सुरुवात करा, खरेदीही तेव्हाच.

हेल्मेट: पहिली खरेदी, सगळ्यात मोठी

पहिले एक-दोन क्लास तिथल्या हेल्मेटवर काढायला हरकत नाही. पुढे जायचं नक्की झालं की मात्र पहिली खरेदी हीच. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा कडक थर धक्का स्वतःवर घेतो आणि चेपतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून टवकाही उडालेला दिसत नाही. दहा जणांनी वापरलेलं हेल्मेट कुणाच्या डोक्यावर असताना कधी आपटलं होतं, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. याच कारणासाठी हेल्मेट सेकंडहँड घेऊ नये, आणि स्वतःचं एकदा जोरात आपटलं की ते वरून धडधाकट दिसलं तरी बदलावं.

हमखास विचारलं जातं, "घरात स्कूटरचं हेल्मेट आहे, ते चालणार नाही का?" नाही चालणार. त्यावर छापलेलं आयएस ४१५१ हे मानक दुचाकीच्या अपघातासाठी आहे. ते हेल्मेट जड असतं, कान झाकतं, खालचं आणि बाजूचं दिसू देत नाही. घोड्यावर बसलेल्याला शिक्षकाची हाक ऐकू आली पाहिजे. सायकलचं हेल्मेट हलकं असलं तरी मानेच्या वरचा मागचा भाग पुरेसा झाकत नाही. घोड्यावरून पडणं उंचावरून होतं, वर घोड्याच्या टापेची भीती असते, आणि सायकलचं हेल्मेट त्यासाठी तपासलेलं नसतं.

मग बघायचं काय? हेल्मेट उलटं करा आणि आतलं लेबल वाचा. ईएन १३८४, व्हीजी १, पीएएस ०१५ किंवा एएसटीएम एफ ११६३ यांपैकी निदान एक मानक छापलेलं हवं. ही सगळी घोडेस्वारीच्याच हेल्मेटची मानकं आहेत. लेबल नसलेली देखणी मखमली टोपी कितीही स्वस्त मिळाली तरी ती टोपीच, तिला हेल्मेट म्हणू नका. डेकॅथलॉनमध्ये फुगांझा या नावाखाली घोडेस्वारीचं सामान येतं. प्रत्येक दुकानात सगळी मापं ठेवलेली नसतात, म्हणून निघण्याआधी वेबसाइटवर बघून जा. ऑनलाइन घ्यायचं तर परत करायची सोय असेल तिथूनच घ्या.

माप घ्यायला शिलाईची टेप पुरते. भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून टेप फिरवा. येणारे सेंटिमीटर म्हणजे तुमचं माप. पण आकड्यावर विसंबू नका. कुणाचं डोकं गोल असतं, कुणाचं लांबट, आणि एकाच आकड्याची दोन हेल्मेटं डोक्यावर अगदी निराळी बसतात. आरशासमोर उभे राहा. हेल्मेट पुढून मागे चढवा, कडा भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर यायला हवी. अजून पट्टा लावू नका. दोन्ही हातांनी हेल्मेट हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि कपाळाकडे नीट बघा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी आणि भुवया हलल्या तर माप बरोबर. कातडी जागच्या जागी आणि हेल्मेट एकटंच फिरलं, तर एक माप खाली या. मग पुढे वाका, पट्टा नसतानाही ते डोळ्यांवर घरंगळायला नको. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं. असंच दहा मिनिटं दुकानात फिरा. कपाळाच्या मधोमध एकाच जागी ठणकू लागलं तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसरी कंपनी बघा.

मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. हेल्मेट मात्र आजच्या मापाचंच. मागे फिरवायची चकती असलेलं घेतलं तर थोडी वाढ त्यात सामावते, पण आत रुमाल कोंबून मोठं हेल्मेट बसवणं म्हणजे ते न घालण्यासारखंच.

"आज नुसतं चालवायचंय, हेल्मेट कशाला?" असं कुणी म्हणालं तर एक उदाहरण सांगते. अमेरिकेची कोर्टनी किंग-डाय २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज खेळलेली कसलेली स्वार. मार्च २०१० मध्ये ती एका घोड्याचा सराव घेत होती आणि घोडा अडखळून पडला. तिने हेल्मेट घातलं नव्हतं. ती कोमात गेली आणि नंतर चालणं-बोलणं तिला नव्याने शिकावं लागलं. ड्रेसाजमध्ये उंच हॅट घालायची जुनी परंपरा होती, तीही आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने २०२१ पासून बंद केली. आता तिथेही हेल्मेट सक्तीचं आहे.

केसांचं थोडं. अंबाडा, क्लचर, मोठा क्लिप हेल्मेटखाली नको, पडलात तर तो डोक्यात रुततो. मानेजवळ सैल वेणी घाला. क्लासच्या आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडू नका, हेल्मेट सरकतं आणि अस्तराला वास धरतो. क्लासचं हेल्मेट घालत असाल तर आत पातळ सुती टोपी घालायला हरकत नाही.

पायातलं: टाच हवी, नक्षी नको

पागेत घोडा धरून उभे असणारे मामा नव्या माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघतात. एका मुलीच्या आईशी झालेलं बोलणं मी शेजारीच उभी राहून ऐकलंय.

"ताई, पोरीचा पाय जरा वर करा. टाच बघू."

"नवे आहेत हो मामा शूज, परवाच घेतले. चांगल्यातले आहेत."

"नवे आहेत, दिसतंय. पण टाच कुठाय?"

त्यांनी तिचा तो महागडा स्पोर्ट्स शू रिकिबीत घालून दाखवला. हलकासा दाब दिला आणि अख्खं पाऊल घोट्यापर्यंत पलीकडे गेलं. मग परत ओढायला गेले, तर तळव्याच्या खोल खाचा रिकिबीच्या पट्टीला धरून बसल्या. आई काही बोलली नाही, तिला कळायचं ते कळलं होतं. पाऊल असं अडकलं आणि माणूस पडला, तर घोडा त्याला ओढत नेतो. घोडेस्वारीतली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच, आणि ती टाळायला बुटाला साधारण दीड ते अडीच सेंटिमीटरची टाच आणि बऱ्यापैकी गुळगुळीत तळवा असला की पुरतं. टाच पावलाला पलीकडे जाऊ देत नाही, आणि गुळगुळीत तळवा हवं तेव्हा पाय सोडवू देतो.

सुरुवातीला वेगळे बूट घ्यायची गरज नसते. मुलांचे शाळेचे काळे, लेसचे लेदर शूज, ज्यांना खरी टाच असते, ते चालतात. मोठ्यांनी ऑफिसचे जुने फॉर्मल शूज काढावेत. टाच झिजली असेल तर स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोच्याकडून रबराची नवी बसवून घ्या, नुसती चिकटवलेली नको, खिळ्यांनी ठोकलेली हवी. लेस बांधून झाली की तिची टोकं आत खोचा.

पुढे बूट घ्यायचे झाले तर घोटा झाकणारे, बाजूला इलॅस्टिक किंवा पुढे चेन असलेले, ज्यांना जोधपूर बूट म्हणतात ते घ्या. दुकानात घालून उकिडवे बसा, मग पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच खाली दाबा. घोड्यावर तासभर पाय याच स्थितीत असतो. घोट्याच्या मागे चावलं तर ते बूट सोडून द्या. तळवा हाताने वाकवून बघा, अगदी लुळा असेल तर पावलाच्या मधोमध दुखतं. नंतर क्लासला जाऊन तो बूट रिकिबीत घालून पाहा. दोन्ही बाजू मिळून दोन-अडीच सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. कमी उरली तर पाय अडकेल, फार जास्त उरली तर आरपार जाईल. लहान मुलाला मोठ्यांची रिकीब देत असतील तर तिथेच सांगा की बदलून द्या. असं सांगण्यात संकोच करू नका.

गमबूट पावसात सोयीचे वाटतात, पण ते रुंद असतात आणि तळव्याला खोल नक्षी असते. घोड्याला आंघोळ घालायला, पागेत वावरायला ठीक, रिकिबीत नको. चपला, फ्लोटर्स, क्रॉक्स घालून घोड्याजवळ उभंही राहू नका. चार-पाचशे किलोचं जनावर मुद्दाम पाय देत नाही, पण माशी बसली म्हणून सरकतं तेव्हा खाली काय आहे हे बघत नाही. माथेरानला घोड्यावर बसतानाही हेच लक्षात ठेवा.

पँट आणि पोटरी

दोन गोष्टी सांभाळायच्या: मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नको, आणि कापड घसरडं नको. जीन्स त्यामुळेच बाद. तिची आतली दुहेरी शिवण दुडकी चालीत सोलवटून काढते, आणि ठाण्याच्या दमट हवेत घामाने भिजलेली जीन्स तर छळच. नायलॉनची ट्रॅकपँट खोगिरावर घसरते, मांड पक्की बसत नाही, आणि वर सरकून पोटरी उघडी पडते. मग रिकिबीचा चामडी पट्टा तिथे चिमटे काढतो.

जाडसर, ताणणारी, अंगाबरोबर बसणारी स्पोर्ट्स टाइट्स किंवा योगा पँट पहिल्या काही महिन्यांना पुरते. कापड इतकं पातळ नको की गुडघ्याला छिद्र पडावं. त्यावर फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मोजे पँटच्या बाहेरून चढवा. स्वस्तात काम होतं, पँट वर सरकत नाही आणि पोटरीला चिमटे बसत नाहीत. नियमित दुडकी सुरू झाली, रिकिबीत उठ-बस करायला लागलात, की मग राइडिंग पँट आणि पोटरीवर बांधायचे हाफ चॅप्स घ्या. राइडिंग पँटला गुडघ्याच्या आत जाडसर किंवा रबरी ठिपक्यांचं ठिगळ असतं, त्याने पाय जागेवर राहतो.

अंतर्वस्त्रांबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बिनशिवणीची किंवा सपाट शिवणीची, मांडीपर्यंतची घ्या. लेस, जाड इलॅस्टिक टाळा. पुरुषांनी सैल बॉक्सरऐवजी आधार देणारी घालावी. बायकांनी चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घातल्याशिवाय दुडकीला जाऊ नये. पहिल्या दिवशी मांडी सोलवटली म्हणून क्लास सोडणारी माणसं असतात. नीट कपड्यांनी हे सहज टळतं.

वरचे कपडे, दागिने, हातमोजे

अंगासरशी बसणारा, घाम लवकर सुकणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट उत्तम. बाह्या लांब हव्यात, कारण पडल्यावर मातीत कोपर घासतं. शर्ट खोचून घ्या. टोपीचा हूडी नको, त्याच्या नाड्याही नकोत.

आपल्याकडे स्कूटरवरून येणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ आणि अंगात फडफडणारा सनकोट घालून थेट पागेत शिरतात. दोन्ही गेटवरच काढून पिशवीत टाका. डोळ्यांच्या कोपऱ्यात फडफडणारं कापड दिसलं की घोडा बिचकतो. चुरचुर आवाज करणारा प्लास्टिकचा रेनकोट त्याहून वाईट, आणि घोड्यावर बसल्या-बसल्या तो काढायचा प्रयत्न तर कधीच करू नका.

बांगड्या, कडं, लोंबते कानातले, अंगठ्या घरीच ठेवा. लगाम बोटांना गुंडाळला गेला आणि अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. मंगळसूत्र काढायचं नसेल तर निदान आखूड घाला आणि टी-शर्टच्या आत ठेवा. मनगटावरचा जाड दोरा सैल असेल तर तो मनगटपट्टीखाली दाबा. चष्मा असेल तर मागून बांधायचा पट्टा लावा, काचेऐवजी प्लास्टिकच्या भिंगाचा असेल तर आणखी बरं. मोबाइल खिशात ठेवू नका. मागच्या खिशात तर मुळीच नाही. च्युइंगमही नको.

हातमोजे छोटी गोष्ट वाटते, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात चामडी लगाम घामाने निसटतो आणि करंगळीच्या कडेला फोड येतो. तळव्यावर रबरी ठिपके असलेले पातळ मोजे घ्या. लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून जातो, तिथे कापड जाड नको. पेन धरून सही करता आली तर मोजा पातळ आहे असं समजा.

जे आत्ता घ्यायचं नाही

चाबूक, टाचेला लावायचे काटे, लांब बूट, खोगीर, लगाम. काटे तर शिक्षकाने सांगेपर्यंत विचारूही नका. ज्याचा पाय अजून स्थिर नाही त्याच्या टाचेला काटा म्हणजे घोड्याला विनाकारण टोचणी. खोगीर घोड्याच्या पाठीच्या मापाचं असतं, क्लासमध्ये घोडा बदलत असतो, तेव्हा ते घेण्यात अर्थ नाही.

बॉडी प्रोटेक्टरचं वेगळं आहे. छाती-पाठ झाकणारं हे जाकीट उडी शिकताना लागतंच. लहान मुलांना आणि मनात फार धास्ती असलेल्या मोठ्यांना ते सुरुवातीपासून घालावं असं मला वाटतं. घ्यायचं तर लेबलवर ईएन १३१५८ हे मानक हवं आणि पातळी ३. बसल्यावर त्याची मागची कड खोगिराला टेकून वर ढकलली जायला नको, म्हणून दुकानात खुर्चीवर उलटे, पाय दोन्ही बाजूंना टाकून बसून पाहा.

निघण्याआधी

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. घोड्याच्या लिदीत आणि पागेच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि तिथे खरचटणं नेहमीचंच. दहा वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांना विचारून बूस्टर घ्या. हे हातमोज्यांच्या आधी करायचं काम आहे.

दुचाकीने जात असाल तर रस्त्यावर आयएसआयचं हेल्मेट डोक्यावर आणि घोड्याचं पिशवीत, दोन्ही न्यावी लागतात. बूट वेगळ्या कापडी पिशवीत घाला, परतीच्या लोकलमध्ये शेजारच्यांना पागेचा वास नको. पाण्याची मोठी बाटली आणि एक जादा टी-शर्ट घ्या.

आल्यावर हेल्मेटचं सुटणारं अस्तर साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा आणि पंख्याखाली वाळवा. हेल्मेट उन्हात किंवा बंद गाडीत, डिकीत ठेवू नका, उष्णतेने आतला थर बिघडतो. बुटांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत सुकवा. मे संपताना क्लास थांबला की चामड्याला ग्लिसरीनचा साबण लावून पुसून घ्या आणि बूट प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता उघड्या रॅकवर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला एकदा काढून पांढरी बुरशी दिसते का बघा. दिसली तर कोरड्या फडक्याने गॅलरीत पुसा, आणि पुन्हा क्लासला जाण्याआधी टाच आणि तळव्याची शिवण ओढून तपासा.